उभं राहिलं की अंधारी येते? अंगातलीच फौज उलटली का, ते शोधायचं कसं

आधीच सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही. माझं झेरॉक्स आन ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, पांढरकवड्याच्या अलीकडं. पण पुतणीच्या मागं दीड वर्ष दवाखाने फिरलो, तिचे सगळे रिपोर्ट मीच स्कॅन केले, मीच फाईल लावली, त्यामुळं जे समजलं ते लिहून ठेवतो, कारण आमच्या भागात अशा पोरी प्रत्येक गावात एकदोन तरी निघतील आन त्यांना सगळे म्हणतात की नाटकं करते.

आमची पोरगी तेव्हा १७ वर्षांची, बारावीला. आधी ताप आला, आठ दिवस राहिला, गेला. त्याच्यानंतर प्रार्थनेला उभी राहिली की पाचव्या मिनिटाला घाम, छाती धडधड, हात थरथर, आन मग धाडकन खाली. आमची आई म्हणे, "तिले काही झालं नाही बावा, सकाळी खाऊन जात नाही म्हून पडते." शेजारचे म्हणे लग्न लावून द्या. एका दवाखान्यात सलाईन लावली, दोन दिवस एकदम टकाटक, तिसऱ्या दिवशी परत तेच. ह्या सलाईनच्या गोष्टीवर पुढं येतो, तिच्यातच खरी खूण होती आन आमच्या ध्यानात आली नाही.

पहिलं काम: "चक्कर" हा शब्द वापरणं बंद करा. मी मजाक नाही करत. आपण मराठीत सगळ्यालाच चक्कर म्हणतो. घर गरगर फिरतं तीही चक्कर, डोळ्यापुढं काळं येतं तीही चक्कर, नुसता अशक्तपणा तोही चक्करच. डॉक्टरसमोर चक्कर म्हटलं की तो कानाचं समजून गरगरण्यावरची गोळी लिहितो, आमच्याकडं अशा गोळ्यांच्या चार महिन्यांच्या चिठ्ठ्या पडून आहेत. म्हणून सांगायचं ते असं: उभी राहिली की अंधारी येते, छाती धडधडते, आडवी झाली की दहा मिनिटांत बरं वाटतं. एवढ्या एका वाक्यानं डॉक्टरचा चेहरा बदलतो, आमच्या समोर बदललेला आहे.

आता हे होतं कशानं. आपण उभं राहिलो की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पाय आन पोटाकडं उतरतं. शरीराला ते वर ढकलायचं असतं, म्हणून रक्तवाहिन्या आवळतात आन हृदय थोडं जोरात चालतं. हे काम आपण सांगून होत नाही, आपोआप चालणारी नसांची एक यंत्रणा आहे तिचं ते काम. ती गडबडली की एकतर बीपी पडतं, नाहीतर बीपी टिकवायसाठी हृदय वेड्यासारखं धावतं. ह्या दुसऱ्या प्रकाराला पॉट्स म्हणतात. १९९३ मध्ये शॉन्डॉर्फ आणि लो ह्या दोन डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं, आन त्यांनी तेव्हाच प्रश्न टाकला होता की शरीराची फौज ह्याच नसांवर तुटून पडते तो जो भारी आजार आहे, त्याचंच हे हलकं रूप तर नाही ना. म्हणजे ऑटोइम्यूनचा संशय आजचा नाही, नाव ठेवलं तेव्हापासूनचा आहे.

ऑटोइम्यून म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत असेल तरी सांगतो. ताप, विषाणू यांच्याशी लढायला शरीर अँटीबॉडी बनवतं. कधीकधी त्या चुकून आपल्याच अवयवाला शत्रू समजतात, राखणीला ठेवलेला कुत्रा घरच्यांनाच चावल्यासारखं. विषाणूच्या तापानंतर पॉट्स सुरू झालेले बरेच जण असतात, कोरोनानंतर तर जगभर असे पेशंट वाढले, म्हणून हा संशय अजून पक्का होत गेला. पण संशय आन पुरावा ह्यात फरक आहे, त्यावर खाली.

दुसरं काम, आन सगळ्यात महत्त्वाचं: वहीत आकडे लिहा. डिजिटल बीपी मशीन पाहिजे, घरी नसेल तर उपकेंद्रातल्या सिस्टरला विनंती करा, आमच्या सिस्टरबाईंनी आनंदानं करून दिलं. सकाळी, चहाच्या आधी, उपाशीपोटी. १० मिनिटं आडवं पडायचं, बोलायचं नाही, मोबाईल नाही. बीपी आन नाडी लिहायची. मग उठून भिंतीला पाठ टेकवायची, टाचा भिंतीपासून वीतभर पुढं, आन हलायचं नाही, पाय आपटायचे नाहीत, हे फार अवघड जातं पण हलवले तर पिंडऱ्या रक्त वर ढकलतात आन आकडा खोटा येतो. मग १, ३, ५, ७, १० मिनिटांना मोजायचं. बाजूला एक धडधाकट माणूस उभा पाहिजेच, आन खाली गोधडी टाकून ठेवा. अंधारी आली की चाचणी तिथंच थांबवा, १० मिनिटं पुरी करायची जिद्द कामाची नाही. हृदयाचा आजार असलेल्यानं, गरोदर बाईनं हे घरी करू नये, आन ताप, जुलाब, पाळीचा जास्त रक्तस्राव चालू असेल तेव्हा केलं तर आकडे फसवे येतात.

आमच्या वहीतलं पान असं होतं:

आडवी: बीपी ११०/७०, नाडी ७२
१ मिनिट: १०८/७२, नाडी ९८
३ मिनिटं: १०६/७४, नाडी १०९
५ मिनिटं: १०८/७६, नाडी ११८, घाम, तळपाय जांभळे
७ मिनिटं: १०६/७६, नाडी १२१
१० मिनिटं: १०८/७६, नाडी १२४, "काका बसू द्या आता"

वाचायचं असं. बीपी वरचं २० किंवा खालचं १० नं तीन मिनिटांच्या आत पडलं तर ते बीपी पडण्याचं दुखणं. बीपी तसं पडलं नाही आन नाडी ३० नं वाढून वरच राहिली, तर पॉट्सचा संशय. पण १२ ते १९ वयाच्या पोरापोरींसाठी ३० नाही, ४० पाहिजे, कारण ह्या वयात नाडी तशीही उसळते. आमची ५२ नं वाढली. आन हे एका दिवसाचं नको, वेगवेगळ्या तीन दिवशी करा, त्रासही निदान तीन महिन्यांचा जुना पाहिजे. मे महिन्यात, जेव्हा आपल्याकडं पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा तर घरातल्या म्हशीचीही नाडी वाढलेली असते, त्या दिवसांतल्या आकड्यावर जाऊ नका.

आता लगेच "ऑटोइम्यून आहे का" म्हणून धावू नका. आम्ही तीच चूक केली. आधी साधी कारणं. रक्त कमी असेल तर नाडी वाढणारच, म्हणून हिमोग्लोबिन. आपल्या विदर्भात सिकलसेल भरपूर आहे, गडचिरोली चंद्रपूरकडं तर जास्तच, म्हणून ती चाचणी झाली नसेल तर पहिले ती, सरकारी दवाखान्यात होते. बी-१२, शुगर, थायरॉईड, ईसीजी, सोडियम पोटॅशियम. पेशंट बीपीची, लघवीची, झोपेची, नैराश्याची गोळी घेत असेल तर ती चिठ्ठी सोबत न्या, ह्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी उभं राहिल्यावर बीपी पडतं. लग्न झालेल्या बाईची गरोदरपणाची चाचणी. आन फवारणी करून आल्यावर चक्कर, तोंडाला लाळ, घाम, बाहुल्या टाचणीएवढ्या, हे असेल तर हे सगळं वाचत बसू नका, कपडे काढा, अंग धुवा, गाडी काढा. २०१७ मध्ये यवतमाळात किती घरं उजाड झाली ते आपण पाह्यलं आहे.

फवारणीचं निघालंच तर एक गोष्ट सांगतो, कारण मला स्वतःला ऑटोइम्यूनचं कोडं ह्याच्यातून समजलं. नसांच्या ह्या यंत्रणेत मेंदू म्हणजे सबस्टेशन समजा आन मधी जागोजागी डीपी आहेत, त्यांना गँगलिया म्हणतात. डीपीवर निरोप पोचवणारं रसायन असतं ॲसिटिलकोलीन. मोनोक्रोटोफॉससारखं फवारणीचं औषध अंगात गेलं की हे रसायन संपतच नाही, साचतं, म्हणून लाळ, घाम, बारीक बाहुल्या. त्याच्यावर दवाखान्यात ॲट्रोपिन देतात, आन ॲट्रोपिन चढलेला माणूस ज्यांनी पाह्यला त्यांना आठवत असेल: तोंड कोरडंठाक, बाहुल्या मोठ्या, लघवी अडलेली, अंग सुकं. आता असा माणूस इमॅजिन करा की ज्याला कोणी ॲट्रोपिन दिलंच नाही तरी तो तसा दिसतो, वरून उभा राहिला की बीपी धाडकन पडतं. त्याच्या डीपीवर हे रसायन जिथं बसतं त्या सॉकेटवरच अँटीबॉडी जाऊन बसलेल्या असू शकतात. ह्याला ऑटोइम्यून ऑटोनॉमिक गँगलिओनोपथी म्हणतात. २००० साली व्हर्निनो आणि सोबतच्यांनी ह्या अँटीबॉडीचा पेपर छापला. दुर्मिळ आहे, पण उभं राहता न येण्याच्या आजारात अँटीबॉडीचा हात सगळ्यात पक्का इथंच सिद्ध झाला आहे, आन इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातल्या अँटीबॉडीचं इंजेक्शन), प्लाझ्मा बदलणं, स्टेरॉइड अशा उपचारांनी माणूस सुधारू शकतो. म्हणून घाम बंद, तोंड कोरडं, लघवी अडते, पोट साफ होत नाही, उजेड सहन होत नाही आन बीपी पडतं, हे सगळं थोड्या आठवड्यांत एकदम सुरू झालं असेल तर गावात वेळ घालवू नका, न्यूरोच्या डॉक्टरकडं जा. अँटीबॉडीची टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून आजार नाही असंही नसतं, निम्म्याच्या आसपास पेशंटमध्येच ती सापडते.

बाकीच्यांसाठी तिसरं काम: सोबतीच्या खुणा शोधा. कारण ऑटोइम्यून आजार बऱ्याचदा एकटा येत नाही. मी रात्री जेवणानंतर पुतणीला शेजारी बसवून एकेक विचारलं, आन तिच्या आईलाही, कारण पोरी काही गोष्टी काकाला सांगत नाहीत.

सुकी भाकर पाण्याशिवाय गिळता येते का? डोळ्यात वाळू गेल्यासारखं वाटतं का, दात पटापट किडतात का, कानाखाली गालफडं सुजतात का? हे शोग्रेनकडं बोट दाखवतं. ह्या आजारात लाळेच्या आन अश्रूंच्या ग्रंथींवर हल्ला होतो, पण नसाही सापडतात, म्हणून उभं राहिल्यावरचा त्रास ह्यात चांगलाच दिसतो. त्यासाठी रक्तात एसएसए, एसएसबी ह्या अँटीबॉडी बघतात. आन डोळ्याचा डॉक्टर खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवतो, पाच मिनिटांत ५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी ओली झाली तर डोळे खरंच कोरडे. पट्टी स्वस्त, काम मोठं.

गालावर नाकावर उन्हानं वाढणारा लाल पट्टा, तोंडात न दुखणारे फोड, सांधे सकाळी आखडणं, केस गळणं, पाय सुजणं, हे असेल तर ल्युपस (अंगभर हल्ला करणारा ऑटोइम्यून आजार) डोक्यात ठेवा, आन लघवीत प्रोटीन जातं का ते जरूर तपासा. बाईचे गर्भ दोनतीनदा पडलेले असतील किंवा कमी वयात पायात रक्ताची गाठ झाली असेल तर अँटिफॉस्फोलिपिडची, म्हणजे रक्ताच्या गाठी करणाऱ्या अँटीबॉडीची टेस्ट. वजन वाढतं, थंडी सोसत नाही, गळा सुजलेला वाटतो तर थायरॉईडसोबत अँटी-टीपीओ, म्हणजे थायरॉईडविरुद्धची अँटीबॉडी. आडवं असतानाही नाडी १०० च्या वर असेल तर ती पॉट्सपेक्षा थायरॉईड जास्त चालण्याची किंवा दुसऱ्या कशाची खूण.

पोट कायम बिघडलेलं, जुलाब, रक्त वाढतच नाही, तर सीलिअक, म्हणजे गव्हाचं. इथं एक टीप, टेस्टच्या आधी गहू बंद करू नका. आपल्याकडं कोणीतरी सांगतं गहू सोड ज्वारी खा, पोरगी दोन महिने भाकरीवर राहते, आन मग टीटीजीची, म्हणजे सीलिअकच्या अँटीबॉडीची टेस्ट खोटी निगेटिव्ह येते.

आन एक जी कोणी सांगत नाही. अंग काळवंडत चाललंय, विशेषतः हिरड्या, तळहाताच्या रेषा, जुन्या जखमांचे डाग, मीठ खावंसं वाटतं, वजन उतरलं, उलट्या, बीपी कायम कमी. हे ॲडिसन असू शकतं, मूत्रपिंडावरच्या छोट्या ग्रंथी बंद पडतात. कधी ऑटोइम्यून, आपल्याकडं कधी टीबीनं. सकाळी ८ च्या सुमाराचं कॉर्टिसॉल करतात. हे घरी मीठपाण्यावर ढकलत बसायचं प्रकरण नाही, जीव जाऊ शकतो. तसंच पायातून वर चढत जाणारा अशक्तपणा काही दिवसांतच आला तर थेट मोठा दवाखाना.

चौथं: एएनए, म्हणजे पेशींच्या गाभ्याविरुद्धच्या अँटीबॉडीची टेस्ट. ही टेस्ट सगळेच लिहून देतात आन पॉझिटिव्ह आली की घरात रडारड. थांबा. टायटर बघा, म्हणजे रक्त किती पातळ केलं तरी टेस्ट पॉझिटिव्ह राहते तो आकडा. १:४० ला तर निरोगी लोकांतही जवळपास तीनात एकाची पॉझिटिव्ह येते, १:१६० ला शंभरातल्या पाचेक निरोगी लोकांची. खुणा काहीच नाहीत आन एएनए हलकी पॉझिटिव्ह, तर तो आजार नाही, नुसता कागद आहे. आमची १:८० आली होती, मला रात्रभर झोप नाही, मग डॉक्टर हसून म्हणाले फाईलला लावून ठेवा.

आता ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसलो ते. गुगल केलं की सापडतं की पॉट्समध्ये हृदय आन रक्तवाहिन्यांच्या ॲड्रिनर्जिक सॉकेटवर (ॲड्रिनॅलिन जिथं बसतं तिथं) अँटीबॉडी असतात, आन मग कुठल्यातरी लॅबचं दहाबारा अँटीबॉडींचं महाग पॅनेल. खरी गोष्ट अशी आहे की २०१४ मध्ये ओक्लाहोमाच्या लोकांनी पॉट्सच्या पेशंटमध्ये अशा अँटीबॉडी दाखवल्या, सगळ्यांना आशा वाटली. पण २०२२ मध्ये कॅनडातल्या कॅल्गरीच्या टीमनं पेशंट आन निरोगी लोक दोघांचं रक्त नेहमीच्या पद्धतीनं तपासलं तर दोघांत फरकच निघाला नाही. म्हणजे ज्या टेस्टमध्ये निरोगी माणूसही पॉझिटिव्ह येतो तिचा उपयोग काय? आन २०२४ मध्ये पॉट्सवर इम्युनोग्लोब्युलिन देऊन पाहिल्याचा अभ्यास छापून आला, ३० पेशंट, जवळपास अर्ध्यांना औषध, बाकीच्यांना तुलनेसाठी अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन, फरक सिद्ध झाला नाही. छोटा अभ्यास आहे, त्यानं दार बंद होत नाही, काही पेशंटमध्ये ऑटोइम्यून कारण असेलही. पण हे इंजेक्शन लाखांत जातं, आन एकट्या पॉट्ससाठी, दुसरा कुठलाही पुरावा नसताना, त्यासाठी वावर गहाण टाकायचं काम नाही. एका ठिकाणी आम्हाला असं पॅनेल करा म्हणून फारच आग्रह झाला होता, कापसाचे पैसे नुकतेच आलेले, मी खिशात हातही घातला होता. भावानं अडवलं म्हणून वाचलो.

खुणा सापडल्या तर मात्र पैसे तिथं घाला. एमडी मेडिसिनला आधी दाखवा, मग लागेल तसं न्यूरो किंवा सांधेवाताचा डॉक्टर. नागपूरचं मेडिकल, एम्स किंवा सेवाग्राम, इथं चौकशी करा. सकाळी लवकर निघा, आन गर्दीत पेशंटला रांगेत उभं करू नका, तुम्ही उभे राहा, तिला बसवा. फाईलमध्ये सगळ्यात वर ते नाडीचं पान. खाली तारखेप्रमाणे रिपोर्ट. डॉक्टरकडं पाच मिनिटं असतात, त्यात जुने कागद उलटण्यात चार जातात.

कारण सापडो न सापडो, रोजचं जगणं सुधारतं. सलाईननं दोन दिवस बरं का वाटायचं, कारण रक्ताच्या नळ्यांत पाणीच कमी होतं. मग तेच तोंडानं भरायचं. दिवसाला अडीच तीन लिटर पाणी, ताकात मीठ, ओआरएस, सकाळी उठायच्या आधी खाटेवरच दोन ग्लास. मीठ वाढवायचं ते डॉक्टरला विचारूनच, बीपी जास्त असलेल्याला, किडनी आन हृदयाच्या पेशंटला हे चालत नाही. पोट बांधणं हे आमच्या आईला पहिल्यापासून माहीत, बाळंतिणीचं बांधतात तसं. दवाखान्यातला पोटाचा पट्टा तेच करतो, रक्त पोटात साचू देत नाही. मी तिला पट्टा आणून दिला तर आई म्हणे, "एवढे पैसे दिले काहून, माह्यं जुनं लुगडं होतं ना." खरंय.

भाकरी बसून थापायची, अंघोळ पाटावर बसून, कडक पाण्यानं नाही. थोडं थोडं चारदा खायचं. अंधारी यायला लागली की उभ्यानंच पायांची कैची करून मांड्या एकमेकींवर आवळायच्या, मुठी घट्ट, नाहीतर सरळ उकिडवं बसायचं, लाजायचं नाही. व्यायाम आडव्यानं सुरू, पाठीवर पडून सायकल मारल्यासारखं, पहिल्या महिन्यात तर पाचच मिनिटं. गोळ्याही आहेत, प्रोप्रॅनोलॉल, आयव्हाब्रॅडिन, मिडोड्रिन, फ्लुड्रोकॉर्टिसोन, कोणाला कोणती ते डॉक्टरच ठरवणार, दम्यावाल्यानं प्रोप्रॅनोलॉलच्या आधी दमा आहे म्हणून सांगायचंच. पायरिडोस्टिग्मिन नावाची एक आहे, ती ॲसिटिलकोलीन थोडं टिकवून धरते, म्हणजे फवारणीच्या विषाचाच तोळाभर मापात ठेवलेला भाऊ. हे मी डॉक्टरांना म्हटलं तर ते म्हणाले, बरोबर आहे, पण पेशंटसमोर म्हणू नका.

पळताना किंवा आडवं असताना बेशुद्ध पडणं, छातीत दुखणं, घरात कोणी तरुणपणी अचानक गेलेलं असणं, काळी शी होणं, ह्यातलं काही असेल तर वरचं सगळं बाजूला, त्याच दिवशी दवाखाना.

आमच्या पोरीचं अँटी-टीपीओ वाढलेलं निघालं, टीएसएच (थायरॉईडला चालवणारं हार्मोन) मात्र नॉर्मल, बाकी काही नाही. डोळ्याची पट्टी चांगली ओली झाली. दर सहा महिन्यांनी थायरॉईड आन वर्षातून एकदा सोबतीच्या खुणा परत विचारायच्या असं ठरलं आहे, कारण शोग्रेनसारखे आजार कधीकधी उशिरा तोंड दाखवतात. मागच्या महिन्यात वहीत १० मिनिटांना नाडी १०२ लिहिली आहे, पुढं तिच्याच अक्षरात, "आज बसू द्या म्हटलं नाही."